ठाण्याला ताईकडे

ताईचं घर ठाण्याला, माझं भाईंदर पूर्वेला. मधे घोडबंदर रोड. बसने सव्वा तास, ट्रॅफिक लागलं तर दोन. एवढंसं अंतर, पण मी दोन वर्षं ताईकडे गेले नाही.

गायमुखच्या घाटात एकदा पुढे ट्रेलर आडवा झाला होता आणि आमची बस तासभर जागची हलली नव्हती. दुपारचं ऊन, खिडकीला खेटून उभा टँकर. अचानक मला श्वास पुरेना. हातापायांना मुंग्या आल्या, वाटलं, आता संपलं. कंडक्टरला दार उघडायला लावलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. नंतर काढलेला ईसीजी अगदी चांगला आला. पण त्या दिवसापासून मी बसस्टॉपवरूनच परत फिरायचे.

हे मी कुणाला नीट सांगितलं नाही. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे सबब तयार असायची. लग्नसराई आहे, उद्या कपडे द्यायचेत, पाणी उशिरा येतंय. ताईला म्हणायचे, वेळच मिळत नाही गं. ती आधी रागवायची, मग स्वतःच यायची. मशीनशेजारी बसून हुक लावून द्यायची, चहा पिऊन उन्हं उतरायच्या आत परत निघायची.

मग तिची किडनी बिघडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिचं येणं बंद झालं आणि माझं जाणं तर कधीचंच बंद होतं. एका दुपारी भाचीचा फोन आला. "मावशी, आई रोज विचारते तुझं. तू खरंच इतकी कामात आहेस का?"

मी हो म्हणाले. फोन ठेवला तेव्हा मशीनवर दोन ब्लाउज होते, दोन्ही पुढच्या आठवड्यात द्यायचे.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, मला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी गोळ्या दिल्या, श्वास सावकाश कसा सोडायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, "रोज थोडं थोडं पुढे जा. पण त्याची वेळ ठरवून ठेवा. कामातून उरेल तेव्हा, असं करू नका."

मी दिवस नव्याने मांडला. नऊच्या आत स्वयंपाक, मग कटिंग, संध्याकाळी हातशिलाई. अकरा ते एक बससाठी. शेजारची गुजराती भाभी नेहमीप्रमाणे म्हणाली, "कल तक हो जाएगा ना?" मी पहिल्यांदाच सांगितलं, नहीं भाभी, शनिवार को.

मग ताईला फोन करून खरं कारण सांगितलं.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या आजारपणाचा तुला कंटाळा आला."

मी तिला सांगितलं, उद्यापासून रोज अकराला बसमध्ये बसणार आहे.

पहिल्या दिवशी मी काशीमिऱ्यापर्यंत गेले आणि घामाने भिजून परत आले. चौथ्या दिवशी तिथेच पुन्हा. मग घोडबंदर गाव, मग चेणे. ताई रोज बाराच्या सुमाराला फोन करायची. डायलिसिसच्या दिवशीही, एका हाताला सुया लावलेल्या असताना दुसऱ्या हातात फोन धरून. बस कुठे आली, खिडकीतून काय दिसतंय, असं विचारत राहायची. मी सांगायचे, खाडी दिसतेय, ओहोटी आहे. घाटापाशी मी चारदा उतरून परत फिरले. ती एकदाही म्हणाली नाही की लवकर ये.

तिसऱ्या आठवड्यात मी घाट पार केला. ताईने स्वतः दार उघडलं. ती इतकी वाळली होती की मी आधी तिच्या हातांकडेच बघत राहिले. तिला काही खाता येत नव्हतं, तरी माझ्यासाठी मुगाची खिचडी करायला लावली होती. मी जेवले आणि ती बघत बसली. घाबरले होते का, ते तिने विचारलं नाही. परतीची बस कितीची, तेवढं विचारलं.

मग मी दर गुरुवारी जायला लागले. असे सहा गुरुवार मिळाले. मी तिचे केस विंचरायचे, पाय चेपून द्यायचे. पाचव्या वेळी ती अर्धवट झोपेत म्हणाली, "तू यायला लागल्यापासून आठवडा मोठा झाला बघ."

सातव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला. आम्ही दोघं रिक्षाने निघालो. वाटेत काय झालं ते मला आठवत नाही. नवऱ्याने नंतर सांगितलं, घाटात पाऊण तास अडकलो होतो आणि मी एकदाही उतरायचं म्हटलं नाही. पोहोचलो तेव्हा ताईला तिरडीवर खाली आणलेलं होतं.

मला वाटलं होतं, आता भीती तरी गेली. गेली नाही. तेराव्याला जाताना चेण्याच्या पुढे पुन्हा श्वास पुरेना. त्या वेळी फोनवर बोलायला कुणी नव्हतं. मी उतरले, रस्त्याकडेच्या टपरीवर पाणी मागून प्यायले आणि तिथल्या खुर्चीवर बसून रडले. ताईसाठी, आणि सबबी सांगत घालवलेल्या त्या दोन वर्षांसाठीही. टपरीवाल्या बाईने खुर्ची सावलीत ओढून दिली.

अर्ध्या तासाने पुढची बस आली. भाचीला, उशीर होतोय पण येतेय, असं कळवलं आणि चढले.