शेऱ्याचा रकाना

“आपल्या सिस्टिममध्ये ही मुलगी मेलेली आहे,” ग्रेस म्हणाली. “आणि ती आत्ता पापा एमिलच्या शेजारी बसली आहे.”

बुधवारची सकाळ होती, आठ वाजून दहा मिनिटं. मी नुकतंच जॅकेट खुर्चीवर टाकलं होतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत त्या आठवड्यात थंडी चांगलीच होती आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडण्यात माझा वेळ गेला होता. ग्रेसच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडे किन्शासात दुपारचे दोन वाजून गेले होते. स्क्रीनवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ दिसत होते. त्यांच्या बाजूला एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, हिरव्या टी-शर्टमध्ये. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

मी डेटा इंजिनिअर. नागपूरहून अमेरिकेत येऊन एकवीस वर्षं झाली. आमची कंपनी खेळाडूंच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवते. कोण कोणत्या क्लबकडून कधीपासून खेळतंय, याची ती नोंद. खेळाडूला दुसऱ्या क्लबात जायचं असेल तर आधी ही नोंद पुढे जाते, खेळाडू मागून. नोंद नसेल तर खेळाडूच नाही, असा सगळा कारभार. काँगोतल्या किन्शासाच्या एका फुटबॉल क्लबचा डेटा मी दोन महिन्यांपूर्वी आमच्या सिस्टिममध्ये आणला होता. पापा एमिल त्या क्लबचे सेक्रेटरी. तिकडे वयाने मोठ्या माणसाला ‘पापा’ म्हणतात, आपण ‘काका’ म्हणतो तसं. तीस वर्षांच्या नोंदी त्यांनी आधी रजिस्टरात आणि मग एक्सेलमध्ये स्वतः भरल्या होत्या.

ग्रेस आमच्या कस्टमर सपोर्टमध्ये आहे. जन्म किन्शासाचा, बाराव्या वर्षापासून राहते शेजारच्या राले शहरात. फ्रेंच आणि तिकडची लिंगाला भाषा, दोन्ही बोलते. ती माझ्यापासून दोन क्युबिकल सोडून बसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“न्झुझी. उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या क्लबला ती हवी आहे. स्ट्रायकर म्हणून. त्यांची नोंदणी शुक्रवारी संध्याकाळी बंद होते. पापा एमिलनी काल फॉर्म भरायला घेतला, तर सिस्टिम म्हणते अशी खेळाडू नाहीच. जन्मतारखेने शोधलं तर एकच रेकॉर्ड येतं. नाव न्सिम्बा, स्टेटस मृत.”

“न्सिम्बा कोण?”

ग्रेस म्हणाली, “न्सिम्बा आणि न्झुझी म्हणजे जुळ्या. आमच्याकडे जुळ्यांतलं पहिलं मूल न्सिम्बा, दुसरं न्झुझी. मुलगा असो की मुलगी. त्यांच्यानंतर होईल ते न्लांडू. माझ्या काकांचं नाव न्लांडू आहे, म्हणजे त्यांच्या आधी जुळी झाली होती हे कोणालाही न सांगता कळतं. वैशाली, ही नावं शेजारी शेजारी दिसली तर किन्शासातलं शाळकरी पोरही सांगेल.”

पुढचं मला बघायच्या आधीच कळलं होतं.

काय झालं ते सोप्या शब्दांत सांगते. जुना डेटा आणताना एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी सापडतात. कोणीतरी एकदा पूर्ण नाव लिहितं, एकदा अर्धं. या जोड्या शोधून एक करायच्या, याला मर्ज म्हणतात. हजारो नोंदी हाताने कोण बघणार? म्हणून प्रोग्राम प्रत्येक जोडीला गुण देतो. जन्मतारीख जुळली, इतके गुण. आईचं नाव जुळलं, इतके. पत्ता, फोन, क्लब, फोटो. गुण नव्वदच्या वर गेले की प्रोग्राम कोणालाही न विचारता मर्ज करतो. जी नोंद उरते तिला आमच्या धंद्यात ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. म्हणजे वाचलेली.

आता किन्शासातल्या नावांनी मला फार छळलं होतं. एकाच खेळाडूचं नाव कधी ख्रिस्ती नावापासून सुरू, कधी घरच्या नावापासून, कधी मधलंच गायब. वैतागून मी नावाचे गुण जवळजवळ शून्य केले. टेस्टिंग झकास झालं. हजारो डुप्लिकेट एका दुपारी साफ. मी स्वतःवर खूश होते.

न्सिम्बा आणि न्झुझी. जन्मतारीख एक, आई एक, पत्ता एक, फोन आईचा, क्लब एक. चेहराही एकच. त्यांना ब्याण्णव गुण पडले.

“आणि मृत कुठून आलं?” ग्रेसने विचारलं.

“तो माझाच नियम आहे,” मी म्हणाले.

याआधी मी एका हॉस्पिटलसाठी काम करायचे. तिथे मेलेल्या पेशंटच्या घरी अपॉइंटमेंटची पत्रं जात राहिली होती. एक बाई रिसेप्शनला येऊन रडल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक नियम घालते. दोन नोंदींपैकी एक जरी मृत असेल तरी मर्ज केलेली नोंद मृत धरायची आणि साध्या बटणाने ते कोणाला बदलता येऊ नये. मला या नियमाचा अभिमान होता.

न्सिम्बा चार महिन्यांपूर्वी मोटरसायकल टॅक्सीच्या अपघातात गेली होती. पापा एमिलनी त्याच दिवशी तिच्या ओळीत ते नोंदवलं होतं. खालच्या ओळीत न्झुझी होती. माझ्या प्रोग्रामने दोन ओळींची एक ओळ केली, नाव वरच्या ओळीचं ठेवलं आणि ती मृत ठरवली.

पापा एमिल काहीतरी बोलले. ग्रेसने सांगितलं, “ते विचारतायत, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं नाही का?”

त्यांच्या एक्सेलमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात प्रत्येक खेळाडूबद्दल फ्रेंचमध्ये दोन-चार शब्द. आम्ही याला फ्री टेक्स्ट म्हणतो आणि बहुतेक वेळा तो कचरा असतो. कोणाचा निरोप, कोणाचा जुना फोन नंबर. मायग्रेशनच्या, म्हणजे हा डेटा आणण्याच्या, पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणाले होते, “हा कॉलम ड्रॉप करू या.” कोणी हरकत घेतली नाही. ग्रेस त्या मीटिंगला नव्हती. तिला बोलवावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सपोर्टची माणसं डेटाच्या मीटिंगला बसत नाहीत.

मी मूळ फाइल उघडली आणि ग्रेससमोर धरली. तिने दोन ओळी वाचल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“वाच ना,” मी म्हणाले.

“न्सिम्बासमोर लिहिलंय, जुळी, थोरली, डाव्या भुवईवर व्रण. न्झुझीसमोर लिहिलंय, जुळी, धाकटी, डावखुरी किक. आणि खाली, कृपया दोघींची गल्लत करू नये.”

नऊ वाजता मी नितीनच्या केबिनमध्ये गेले. नितीन आमचा डायरेक्टर, पुण्याचा. वाईट माणूस नाही. पण त्याला प्रत्येक अडचण दोन वाक्यांत हवी असते.

“रिस्टोअर करून टाक ना मग,” तो म्हणाला.

“होत नाहीये. मर्जमध्ये गेलेली नोंद तीस दिवसांनी पर्ज होते. कायमची उडते. आर्काइव्हमधून बॅकअप मागवावा लागेल. त्याला तीन वर्किंग डेज. नवी नोंद केली तर ती आजपासूनची धरली जाते, मागची पाच वर्षं नसतील तर ट्रान्सफर होत नाही. आणि वर चेंज फ्रीज आहे.”

चेंज फ्रीज म्हणजे वर्षअखेरीला कंपन्या सिस्टिमला हात लावायला बंदी करतात, ते. सगळे सुट्टीवर असताना काही मोडू नये म्हणून.

“फ्रीजचं एक्सेप्शन मी घेतो. पण बॅकअप टीमला मी ढकलू शकत नाही. मंगळवार धर.”

“शुक्रवारी संपतंय, नितीन.”

त्याने खुर्ची मागे नेली. “मग एक कर. जे रेकॉर्ड आहे त्याचं स्टेटस मृतवरून ॲक्टिव्ह कर. तेवढा राइट मला इमर्जन्सीत आहे. शुक्रवारपर्यंत रिक्वेस्ट तर जाईल. नाव नंतर करेक्ट करू, बॅकअप आला की.”

“म्हणजे न्झुझी न्सिम्बाच्या नावावर जाईल.”

“चार दिवस, यार. कोण बघतंय?”

मी खरं सांगते, मला सुटका झाल्यासारखं वाटलं. शुक्रवारी रिक्वेस्ट गेली की मुलगी जाईल, मंगळवारी नाव दुरुस्त होईल आणि माझी चूक फारशी कुणाच्या नजरेत येणार नाही. या क्रमाने मला वाटलं की उलट्या, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गुरुवारी सकाळी परत कॉल लावला. या वेळी न्झुझी एकटी समोर होती. पापा एमिल मागे उभे होते. मधल्या दिवसात एक गोष्ट घडली होती. त्यांच्याकडच्या फुटबॉल संघटनेने मुलगी जिवंत असल्याचा कागद मागितला होता. तो नगरपालिकेच्या ऑफिसातून मिळतो. आईनेच तिथे जाऊन सही करायची. चार महिन्यांपूर्वी तिने एका मुलीचा मृत्यू नोंदवला ते हेच ऑफिस, तीच खिडकी. क्लार्कने रजिस्टर उघडून तिला विचारलं, “नक्की कोणती गेली?” आई उत्तर न देता घरी आली. गुरुवारी सकाळी पापा एमिल तिला पुन्हा घेऊन गेले.

हे सगळं मला ग्रेसने सांगितलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत आणि काढत बसले.

मग मी नितीनचा मार्ग सांगितला. ग्रेसने तो लिंगालात सांगितला. न्झुझीने एक प्रश्न विचारला.

“ती विचारते, शुक्रवारी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मेलेलं कोण असेल?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले. “मंगळवारी सगळं बरोबर करू.”

ग्रेसने सांगितलं. मुलीने पहिल्यांदा थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि ती हळू आवाजात बोलली. ग्रेसने भाषांतर केलं.

“ती म्हणते, आईने खिडकीवर दोनदा सही केली. एकदा ती गेली म्हणून, एकदा मी आहे म्हणून. आता तुम्ही तिला उठवून माझ्याऐवजी पाठवणार. मी तिच्या नावाने खेळणार नाही. माझं नाव परत द्या.”

“तिला नीट समजावलंस ना, चान्स जाईल म्हणून?” मी विचारलं. हे विचारल्याची मला लाज वाटते.

“तिला माझ्यापेक्षा जास्त समजतंय,” ग्रेस म्हणाली.

नितीनला सांगितलं तर तो म्हणाला, “फार इमोशनल झाली ती.” मी त्याला म्हणाले, “नितीन, तुझ्या बहिणीच्या नावाने तुला ऑफर लेटर दिलं असतं तर?” त्याने बॅकअप टीमच्या मॅनेजरला माझ्यासमोर फोन लावला. एकदा नाही, तीनदा. उपयोग झाला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी दर अर्ध्या तासाने रिक्वेस्टचं स्टेटस बघत होते. ‘इन क्यू’, म्हणजे रांगेत, होतं. माझा डबा तसाच राहिला. किन्शासात संध्याकाळ झाली, नोंदणी बंद झाली. ग्रेस माझ्या क्युबिकलपाशी येऊन उभी राहिली. मग ती आपल्या मुलीला शाळेतून आणायला गेली.

मंगळवारी अकरा वाजता बॅकअप आला. मी मर्ज तोडला. न्झुझीची नोंद उघडली, तिची पाच वर्षं, तिचे सामने, तिचा फोटो, सगळं तिच्या नावावर परत. काम वीस मिनिटांचं होतं. त्या मोठ्या क्लबने तोवर दुसरी स्ट्रायकर घेतली होती. पुढच्या नोंदणीच्या वेळी त्यांनी न्झुझीचं नावही काढलं नाही. पापा एमिलनी दोनदा ईमेल पाठवली, उत्तर आलं नाही. ती अजून त्याच क्लबकडून खेळते.

आमच्याकडे प्रत्येक गडबडीनंतर एक रिपोर्ट लिहावा लागतो. काय चुकलं, का चुकलं, परिणाम किती. परिणामाच्या जागी नितीनने ‘लो’, म्हणजे कमी, लिहिलं.

“लो?” मी विचारलं.

“अगं, एकच रेकॉर्ड आहे. हजारांतलं एक. टेम्प्लेटप्रमाणे लोच येतं.”

टेम्प्लेटप्रमाणे ते बरोबर होतं. मी सही केली. कोणाची नोकरी गेली नाही, कोणाला कोणी ओरडलं नाही. माझ्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये या मायग्रेशनचं कौतुकच झालं.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. मृत आणि जिवंत अशी जोडी असेल तर प्रोग्राम आता थांबतो आणि माणसाला विचारतो. डेटाच्या मीटिंगला ग्रेस असते आणि तिच्याशिवाय मी मीटिंग सुरू करत नाही. आणि शेऱ्याचा रकाना मी कधीच टाकून देत नाही, मग तो कोणत्याही भाषेत असो. दुसऱ्याने तीस वर्षं हाताने भरलेल्या गोष्टीला कचरा म्हणण्याआधी ती एकदा वाचून घ्यावी, एवढं मी शिकले. ते शिकण्याची किंमत मी नाही मोजली, न्झुझीने मोजली.

किन्शासाच्या क्लबसाठी तो रकाना सिस्टिममध्ये परत सुरू केला तेव्हा मी पापा एमिलना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर त्यांनी पहिली नोंद केलेली होती. ग्रेसला बोलावून वाचून घेतली.

“न्झुझी. जुळी, धाकटी, डावखुरी किक. जिवंत आहे. मी स्वतः पाहिली आहे.”