शब्दांच्या माहेराची वही

तिच्यावर मी जळायचे. सौम्य शब्द वापरून उपयोग नाही, जळायचेच.

ऐंशीच्या दशकात मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होते. दादरची असल्याचा तोरा होता आणि त्याहून मोठा तोरा माझ्या इंग्रजीचा. शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करत होते. सहा महिन्यांत 'डी'पर्यंत पोचले, पण तोवर 'ए' पार विसरले होते.

ती शेजारच्या टेबलावर बसायची. उरणकडच्या खाडीकाठची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरची शेती प्रकल्पात गेली, त्या बदल्यात ही नोकरी मिळालेली. बोलणं सगळं गावचं. पण इंग्रजी पत्रात शब्द अडला की साहेब हाक मारायचे तिला! मी काय तिथे माश्या मारायला बसले होते?

एकदा मी गोड आवाजात विचारलं, "एवढे शब्द पाठ कधी करतेस गं?"

"पाठ नाय करत, ताई. आमचे मास्तर सांगायचे, शब्दाचं म्हायेर शोधा. लॅटिनमधी 'पोर्ट' म्हंजे वाहून नेनं. इंपोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, सगल्या सख्ख्या बहिनी."

ही माहेरं ती आपल्या गावचे दाखले देऊन एका वहीत लिहायची. त्यातच वरिष्ठ लिपिकाची एकच जागा निघाली आणि परीक्षेला आम्ही दोघीच बसणार होतो. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात ती आपली वही टेबलावर विसरून गेली. मी ती पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी ती कपाटामागे शोधत होती, तर मीही वाकून शोधू लागले. इतकी निर्लज्ज झाले होते.

घरी वही वाचताना आणखीच तिळपापड झाला. इतकं सोपं मला का सुचलं नाही? रागारागाने सगळी वाचली, दोनदा.

तोंडी परीक्षेत साहेबांनी 'इमर्जन्सी'चा अर्थ विचारला. मी थेट मूळच सांगितलं. जागा मला मिळाली. मी कचेरीत पेढे वाटले, तेव्हा पहिलं अभिनंदन तिनेच केलं. तेही मला खुपलं.

साहेब खुशीत होते. "बाई, त्या दिवशी काय सुंदर फोड केलीत! सांगा जरा सगळ्यांना."

मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. "'मर्ज' म्हणजे बुडणं. भरतीला शेताचा बांध पाण्याखाली गेला, सबमर्ज. ओहोटीला वर आला, इमर्ज. तसं अचानक वर येतं ते संकट, इमर्जन्सी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पेढा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"ताई, तो बांध तुमी कवा बगितला?" ती हळूच म्हणाली. "तो तर भरावाखाली गेला. मी शालेत व्हते तवाच."