मथुरावहिनींच्या अबोलीखालची ओल

मथुरावहिनी गेल्याचं मला फुलवालीकडून कळलं. पेणच्या बाजारात आमच्याच गावची एक बाई सकाळी टोपली घेऊन बसते. घरच्या देवांसाठी मी तिच्याकडूनच फुलं घेतो. त्या दिवशी पुडी बांधता बांधता ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही कसं आलाव फुलांना? तुमच्यात सुतक ना?" मी विचारलं, कसलं सुतक? तिचा हात थांबला. "अगो बाय... तुमाला म्हायतीच नाय? मथुरावहिनी वारली ना, तिकडं रोह्याजवळ वरसेला. आज आठवा दिस." मी फुलं न घेताच परतलो आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. गणपतदादा माझा चुलतभाऊ, वहिनी त्याची बायको. गावात आमची दोन घरं एका भिंतीची. भावकीतलं मरण, आणि सुतक पाळा एवढा निरोपही मला आला नव्हता. त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, मला राग आला नाही. तिनं का कळवलं नसेल ते मला ठाऊक होतं. या पुरवणीचे वाचक आमच्या गावात पुष्कळ आहेत, म्हणून जे गावात उभं राहून चाळीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते आज इथे लिहितो आहे.

आमचं गाव पेणहून धरमतरच्या खाडीकडे जाताना लागतं. पावसाळ्यात चहूकडे भाताची शेतं आणि पाणीच पाणी, पण शिमगा सरला की पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू. विहिरींचं पाणी मचूळ, गुरंसुद्धा तोंड फिरवतात. अशा गावात मथुरावहिनी जोह्याहून लग्न होऊन आल्या. त्यांचे वडील गणपती करायचे, आणि लहानपणापासून रंगाच्या वाट्या धरून बसल्यामुळे वहिनींना रंगांची भारी पारख. आपण सगळे ज्याला नुसती अबोली म्हणतो तिच्यात त्यांना गाजरी, शेंदरी आणि "पिकल्या पपईची" अशा तीन जाती दिसायच्या. माहेरहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या चार काड्या त्यांनी परसात लावल्या. दोन-तीन वर्षांत न्हाणीपासून कुंपणापर्यंत अबोलीच अबोली झाली. गावातल्या बाकी परसांत वैशाखात काटक्या उरायच्या, आणि आमच्या भिंतीपलीकडे मात्र तुऱ्यातुऱ्यांवर नारिंगी फुलं. वास नाही, गाजावाजा नाही, खुडून ठेवलं तरी दोन दिवस मान टाकत नाही असं ते फूल.

त्यांची रीत अशी. कुणाच्या घरी पाण्याचं मडकं चिरलं की वहिनी ते मागून आणायच्या. दोन झाडांच्या मध्ये खड्डा करून ते गळ्यापर्यंत पुरायच्या, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवायच्या आणि वरून भाताचं तूस पसरून द्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यात तांदळाचं धुवण ओतायचं, तांब्याभर, बस. चिरेतून पाझरेल तेवढंच मुळांना. मी हे सगळं आत्ता सांगतो आहे, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. भिंतीवरून मला फक्त फुलं दिसायची. दुपारी पानं लोंबायची तेव्हा मी एकदा म्हटलंही होतं, "वहिनी, तुमची झाडं चाललीत." त्या हसल्या. "चालायची नाय कुठं. संध्याकाळी बघा, कान टवकारून उभी ऱ्हातील. अबोलीला लाडावली की मरते, भाऊजी. तहानेलीच ठेवायची, पण विसरायची नाय." आणि मग टोमणा : "पोरांना फळ्यावर मुळं काढून दाखवता, कधी माती उकरून बघितलीत काय?" अबोलीच्या वाळलेल्या कणसांवर त्या पाण्याचा हात झटकायच्या तेव्हा टिक् टिक् आवाज करत बी चहूकडे उडायचं. ते बघायला गल्लीतली सगळी पोरं जमत, त्यात माझ्या वर्गातली सुनंदाही मालकिणीच्या थाटात उभी असे.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे त्या वर्षी मी गावच्या पाणी कमिटीचा चिटणीस होतो. मास्तर म्हणून हिशेबी आणि निःपक्षपाती, अशी माझी ख्याती होती, आणि मला ती आवडायची. गावाच्या टाकीत एक दिवसाआड पाणी यायचं, घरटी चार हंडे. पण त्या वर्षी शेवटच्या दहा-बारा घरांना पाणी पुरेनासं झालं. टाकीचा कॉक सोडणारे पांडूतात्या मला दोनदा म्हणाले, "गुरुजी, टाकी काय तरी खाते. भरलेली टाकी उघडायच्या आधीच हातभर खाली असते." त्या टाकीचं काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं. मी तात्यांना म्हटलं, तुमचा डोळा चुकतो. टाकीत खोट नाही म्हटल्यावर खोट माणसात शोधणं आलं... आणि माझ्या भिंतीपलीकडे वैशाखात बाग फुलली होती.

एका सकाळी पाण्यावरून बायकांची जुंपली. मी चार लोक घेऊन तडक वहिनींच्या परसात गेलो. गणपतदादा बार्जवर कामाला, तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी वाकून तूस बाजूला केलं, अबोलीच्या बुडाशी बोट खुपसलं आणि ओल्या मातीनं माखलेलं बोट सगळ्यांना दाखवलं. "वैशाखात ही ओल कुठून आली?"

"भाऊजी, धुवण हाय ते. मडक्यात ओतते, खाली—"

"कुठं आहे मडकं?"

"तांदूळ धुतेस का खाडी धुतेस गो?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. मीही हसलो. वहिनी कौल उचलायला खाली वाकत होत्या, तेवढ्यात मी पाठ फिरवली होती. माझं बोट जिथे रुतलं होतं तिथून वीतभर अलीकडे ते मडकं होतं. त्याच दिवशी कमिटीनं ठराव केला की पाऊस लागेपर्यंत त्यांना चाराऐवजी दोन हंडे, तेही सगळ्यांच्या शेवटी. ठराव माझ्या अक्षरात आहे. माझं अक्षर चांगलं होतं.

दोन हंड्यांचं त्यांनी निभावलं असतं. पण दर मंगळवारी त्यांच्या अबोलीची वेणी ग्रामदेवीला जायची. पुढच्या मंगळवारी गुरवीण पायरीवर आडवी आली. "चोरीच्या पाण्याचं फूल देवीला नको गो बाय." वहिनी वेणी घेऊन परतल्या त्या माझ्याच ओटीवरून, कारण वाट तिथूनच होती. मी वर्तमानपत्र वर धरलं. शाळेत पोरांनी सुनंदाला 'पाणीचोराची पोर' म्हणायला सुरुवात केली. मला ऐकू आलं होतं. मी फळ्यावर लिहीत राहिलो.

पावसाच्या तोंडावर टाकी धुवायला रिकामी केली. कामाला जोह्याचा एक गवंडी होता. त्यानं मला आत बोलावलं. तळाशी, पायरीच्या आडोशाला, बोट जाईल एवढी चीर होती, आणि तिच्याखालची जमीन गुडघाभर भिजलेली. "गुरुजी, अर्ध्या गावाचं पानी हितून गेलंय." मी त्याला म्हटलं, बुजवून टाक आणि बाहेर बोलू नकोस, उगाच चर्चा नको. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि सिमेंट कालवायला घेतलं. त्या क्षणी मी बाहेर येऊन चार वाक्यं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण टाकी माझी होती, बोट माझं होतं, आणि लोक मला गुरुजी म्हणत होते. उद्या सांगू, ग्रामसभेत सांगू, दादा आला की सांगू... असं करता करता पाऊस आला, टाकीचा विषय संपला, आणि वहिनींचं नाव मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या वर्षी गणपतदादाला रोह्याच्या बाजूला कंपनीत शिफ्टचं काम मिळालं आणि ते वरसेला राहायला गेले. टेम्पो भरत होते तेव्हा मी खिडकीत उभा होतो. सामान चढवून झाल्यावर वहिनी कुदळ घेऊन परसात गेल्या आणि एकेक करून मडकी उकरून काढू लागल्या. एक, दोन... अकरा. ती त्यांनी ना मला दाखवली, ना कुणाला. मातीसकट टेम्पोत रचली आणि निघून गेल्या.

त्यानंतर मी एकदाच त्यांना भेटलो. दादा वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मीही निवृत्त होऊन म्हातारा झालो होतो. सांगून टाकायचंच असं ठरवून, आधी फोन करून वरसेला गेलो. वहिनींनी चहा केला, परस दाखवलं. तीच अबोली, तशीच मडकी. नातवंडांची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली. त्या माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होत्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "बसची वेळ झाली." त्या म्हणाल्या, "व्हय. बस चुकवू नका." एवढंच.

आता बाजारात कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा वरसेला गेलो. सुनंदानं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी यावेळी उभ्यानंच सगळं सांगितलं, टाकीची चीर, गवंडी, सिमेंट. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, आईला ठाऊक होतं. तो गवंडी तिच्या माहेरचा. त्याच पावसाळ्यात सांगून गेला तिला."

मी विचारलं,

"मग वहिनी बोलल्या का नाहीत कुणाला?"

"मी पण विचारायचे. म्हणायची, मी बोलून काय? माझं कोण ऐकतंय? ज्यानं बोट दाखवलं त्यानंच बोलायला पायजे." सुनंदानं माझा पाण्याचा पेला उचलला. "तुम्ही त्या वर्षी आलात ना, तुमचा फोन आल्यापासून तिनं दोन दिवस घर झाडून काढलं. म्हणत होती, भाऊजी आता बोलतील. एवढ्या लांब उगाच येत नाय कोण."

मी हात जोडले. ती म्हणाली, "मला नका जोडू. मला ठाऊकच होतं. गावाला सांगा."

म्हणून सांगतो. मथुरावहिनींनी गावाच्या पाण्याचा एक थेंबही चोरला नव्हता. टाकी फुटकी होती. ती फुटकी आहे हे मला कळलं होतं आणि मी ते लपवलं. ग्रामसभेनं मला दहा मिनिटं द्यावीत, मी येऊन तो ठराव माझ्याच हातानं खोडीन. गुरवीण आज हयात नाही, पण त्या पायरीवर उभं राहूनही हे बोलायची माझी तयारी आहे.

निघताना सुनंदा मला परसात घेऊन गेली. नळाजवळच्या खुंटीवर हिरव्या पाइपचं एक वेटोळं टांगलेलं होतं, दुकानातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या अजून त्याला तशाच. "मीच आणला होता," ती म्हणाली. "आईची कंबर दुखायची, वाकून मडकी भरवत नसत. इथं नळाला दिवसभर पाणी असतं, कुणी विचारणारं नाही. सात वर्षं झाली, तिनं पट्टी तोडली नाही."

मी विचारलं, "का?"

"म्हणायची, पाइप लावून झाडांना पाणी घालताना कोणी बघितलं तर?"