हो की नाही, एवढंच सांगा

लोरीन पेटिग्रू अठ्ठावीस वर्षं पॅडुका या अमेरिकन गावाच्या कोर्टात आणि वकिलांच्या कचेऱ्यांत स्टेनो होती. एवढ्या वर्षांत कामावर असताना तिच्या तोंडून स्वतःची अशी दोनच वाक्यं निघाली. एक शपथेचं: "खरं सांगेन, संपूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, असं म्हणा." आणि दुसरं: "मान हलवू नका, तोंडाने बोला, मला टाइप करायचंय." बाकी सगळं दुसऱ्यांचं बोलणं. ते कानातून शिरायचं, बोटांतून बाहेर पडायचं, आणि राग तेवढा आत साचून राहायचा.

राग वकिलांच्या प्रश्नांचा. दावा कोर्टात उभा राहण्याआधी साक्षीदाराला वकिलाच्या कचेरीत बोलावून शपथेवर जबानी घेतात. तिथे न्यायाधीश नसतो, ज्युरी नसते. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि समोर सहा-सहा तास प्रश्न विचारणारा माणूस. अशा खोलीत साधी माणसं आपल्या हाताने आपल्या गळ्यात फास कसा घालून घेतात, हे लोरीनने पुष्कळदा पाहिलं होतं.

त्यातली एक यूनिस. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, लोरीनच्याच चर्चमधली. शाळेत मुलांना विषबाधा झाली आणि पालकांनी दावा लावला. समोरचा वकील रॉयस केंडल. तेव्हा तरुण होता, आवाज मधासारखा. "मुलांच्या जिवापेक्षा मोठं काही नाही, बरोबर?" "हो." "म्हणजे मुलांच्या बाबतीत जरासुद्धा धोका पत्करणं चूकच, बरोबर?" "हो." असे एकेचाळीस 'हो' लोरीनच्या बोटांनी टिपले. बेचाळिसावा प्रश्न होता, "मग त्या दिवशी तुम्ही मुलांच्या जिवाशी खेळलात. हो की नाही, एवढंच सांगा." यूनिस रडत रडत हो म्हणाली. मांस मुळात पुरवठादाराकडूनच सडकं आलं होतं हे उघड व्हायला वर्ष गेलं. तोवर गावाने तिला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, आणि ती चुलीपुढून जी उठली ती कायमची. जबानीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात लोरीनचा हात धरला होता. "लोरीन, मी नीट बोलतेय ना गं?" स्टेनोने साक्षीदाराशी बोलायचं नसतं. लोरीन हात सोडवून पाणी प्यायला निघून गेली.

पुढे बोटांचे सांधे धरले आणि स्टेनोचं यंत्र सुटलं. त्याच आठवड्यात ती बचावाचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे गेली. "तुमचे साक्षीदार माझ्याकडे पाठवा. केंडल त्यांना गाठायच्या आधी मी केंडल होऊन दाखवते." तिचा नवरा बर्ल म्हणाला, "आता घरात तरी माझी उलटतपासणी थांबेल." थांबली नाही, पण बाहेर कामाला तोटा राहिला नाही. गॅरेजवाले, परिचारिका, बांधकामावरचे मुकादम, सगळे तिच्यापुढे बसून गेले.

एका वर्षी मार्चमध्ये व्हीटली नावाच्या वकिलाने तिच्याकडे ट्विला हेंड्रिक्सला पाठवलं. ट्विला वृद्धांच्या शुश्रूषागृहात सेविका. वय पंचेचाळीस, हात भांडी घासणाऱ्या बाईसारखे, बोलणं मऊ. तिच्या देखरेखीखालचे डॉसेट नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा दुपारी खुर्चीतून उठायला गेले आणि पडले. खुबा मोडला. बाराव्या दिवशी गेले. त्यांच्या मुलीने शुश्रूषागृहावर दावा लावला होता, आणि तिचा वकील होता रॉयस केंडल.

व्हीटलीच्या कचेरीत लोरीन टेबलाच्या पलीकडे बसली. डॉसेट आजोबांचा फोटो तिने ट्विलाकडे तोंड करून मुद्दाम मधोमध ठेवला.

"तुमच्याकडच्या माणसांची सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची, खरं ना?"

"हो, मॅम."

"सगळ्यात म्हणजे सगळ्यात. बाकी काहीही नंतर."

"हो."

"त्यांना एकटं सोडणं धोक्याचं?"

"हो."

"आणि तुम्ही डॉसेटना एकटं सोडलंत."

ट्विलाचे डोळे फोटोवर खिळले. "हो... मीच मारलं त्यांना," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड लपवलं.

चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती. लोरीनने फोटो उलटा केला आणि टेबलावर असा हात आपटला की जगमधलं पाणी हिंदकळलं. "ऊठ! तोंड धू आणि परत ये. असं म्हणशील तर तो माणूस तुला कच्ची खाईल, आणि वर तुझे आभार मानेल!"

ट्विला परत आली तेव्हा लोरीनचा आवाज उतरला होता, राग नव्हता उतरला. "हे बघ पोरी. पहिले पाच प्रश्न तो असे विचारतो की नाही म्हणणारा माणूस राक्षस वाटावा. तू हो म्हणतेस, तो तुला एक पायरी वर चढवतो. आणि वरून ढकलतो. 'सगळ्यात', 'नेहमी', 'कधीच' असा शब्द आला की तिथेच थांबायचं. तू राहतेस त्या जगात 'नेहमी' असं काही असतं का?"

"नसतं. तिथे एका वेळी चार घंट्या वाजतात."

"मग तसं सांग! आणि तो मध्येच गप्प बसेल, तुझ्याकडे बघत राहील. तुला वाटेल काहीतरी बोलावं. बोलायचं नाही. त्याची शांतता आहे, त्याची त्याला राहू दे."

"आणि हो की नाहीच सांगा म्हणाले तर?"

"शपथ काय घेणार आहेस तू? हो-नाहीची?"

"संपूर्ण खरं सांगायची."

"झालं तर."

तीन दुपारी असं चाललं. लोरीन ओरडायची, ट्विला रडायची, मग दोघी डब्यातला मक्याचा पाव आणि शेंगा खायच्या. तिसऱ्या दुपारी लोरीनने विचारलं, "त्या क्षणी तू नेमकी गेलीस कुठे?"

"नऊ नंबरच्या खोलीतल्या बाईंच्या घशात घास अडकला होता. त्या निळ्या पडत होत्या. मी आजोबांना म्हटलं, बसून राहा हं, आले मी. त्यांना खिडकीतून नदीवरच्या बोटी बघायच्या असायच्या."

"दुसरं कुणी नव्हतं?"

"वरच्या मजल्यावर एक होती. चौतीस माणसं आणि आम्ही दोघी. हजेरीपटावर पाच नावं असतात, पण ती नुसती कागदावर. मी तीनदा मॅनेजरला लिहून दिलं होतं."

दारात उभा राहून ऐकणारा व्हीटली पुढे आला. "हे जबानीत नको. विचारल्याशिवाय तर नकोच."

"आणि विचारलं तर?" लोरीन म्हणाली.

व्हीटलीने टाय सारखा केला. "माणसाला सगळंच आठवतं असं नाही. दीड वर्ष झालंय."

लोरीन खुर्ची मागे सारून उठली. "तिला आठवतंय. आत्ता तुमच्या देखत सांगितलं तिने. केंडल निदान समोरून येतो. तुम्ही हिचे वकील म्हणून शेजारी बसणार आणि हिच्याच तोंडात खोटं घालणार? मॅनेजरची कातडी वाचवायला हिला बळी द्यायचं, असंच ना?"

"मी हिचा नाही, शुश्रूषागृहाचा वकील आहे. आणि तुम्हाला इथे मी बोलावलंय, हे विसरू नका."

"विसरत नाही. हाही विसरणार नाही आजचा दिवस." मग ती ट्विलाकडे वळली. "न विचारलेलं सांगू नकोस, यात काही वाईट नाही. विचारलेलं आठवत नाही म्हणालीस, तर मला तोंड दाखवू नकोस."

जबानीच्या दिवशी व्हीटलीने तिला येऊ दिलं, कारण तिच्याशिवाय ट्विला बसायलाच तयार नव्हती. लोरीन कोपऱ्यात बसली. पुन्हा तीच खोली, तीच गप्प बसायची शिक्षा. फक्त यंत्रावर आता दुसरीच कुणी मुलगी. केंडलचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. फोटोही त्याने तसाच ठेवला.

"सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची, खरं ना?"

"महत्त्वाची आहे. कुणाची आधी, ते त्या क्षणाला बघावं लागतं," ट्विला म्हणाली.

केंडल तिच्याकडे बघत गप्प राहिला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. ट्विलाने हात मांडीवर ठेवले आणि तीही गप्प राहिली. शेवटी केंडलच खाकरला.

दोन तास त्याने तिला फिरवलं. मग पुढे झुकून म्हणाला, "पाच सेविका कामावर असताना कुणालाही हाक न मारता तुम्ही डॉसेटना सोडून जायचं निवडलंत. हो की नाही, एवढंच सांगा."

"नुसतं हो किंवा नाही म्हटलं तर ते अर्धं होईल, साहेब. मी संपूर्ण सांगायची शपथ घेतलीय."

"मी साधा प्रश्न विचारला."

"प्रश्नातच चूक आहे. पाच नव्हत्या. दोघी होतो."

केंडलचं पेन थांबलं. व्हीटली तोंडातल्या तोंडात आक्षेप पुटपुटला. केंडलने हजेरीपट तिच्यासमोर सरकवला. पाच नावं. ट्विलाने एकेका नावावर बोट ठेवलं. "ही ऑगस्टमध्येच सोडून गेली. ही बाळंतपणाच्या रजेवर. ही कोण, मला माहीत नाही, मी कधी पाहिली नाही." आणि मग तिने तीन चिठ्ठ्यांचं सांगितलं, तारखांसकट. एक शब्द मागे घेतला नाही.

बाहेर जिन्यापाशी केंडल हसत लोरीनजवळ आला. शुश्रूषागृहाचा खोटा हजेरीपट, आयताच मोठा मासा गळाला लागला होता. "छान तयार केलीत हो साक्षीदार, लोरीनबाई. मानलं."

"तुमच्यासाठी नाही केली. यूनिसला तुम्ही बेचाळीस प्रश्नांत संपवलंत, ते बघत बसले होते ना मी, त्यासाठी केली."

केंडलच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो खरंच आठवू पाहत होता. "कोण यूनिस?"

लोरीनने त्याची वाट अडवली. "शाळेची स्वयंपाकीण. पान एकशे बारा, ओळ सातवी. 'मुलांच्या जिवाशी खेळलात.' निर्दोष होती ती. आणि तुम्हाला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही!" तिचा आवाज जिनाभर घुमला. खालच्या मजल्यावरची दारं उघडली. केंडल काहीतरी सभ्य बोलायला गेला. "गप्प बसा. अठ्ठावीस वर्षं मी तुमचं ऐकलं!" तो बॅग उचलून खाली उतरला. त्याच्या कामाचं जे होतं ते त्याला मिळालं होतं.

महिन्याभरात शुश्रूषागृहाने डॉसेटच्या मुलीशी तडजोड केली. मॅनेजरची बदली झाली, फक्त बदली, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या शुश्रूषागृहात. ट्विलाला 'जागा कमी केल्या' म्हणून घरी पाठवलं. ती नदीपलीकडच्या इस्पितळात लागली. डॉसेटच्या मुलीने तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, शेवटी बाबा काय बोलत होते. ट्विला तासभर बसून सांगत होती. दाव्याच्या काळात दोघींना एकमेकींशी एवढंही बोलायची मुभा नव्हती, हे कळल्यावर लोरीन आणखी चिडली.

व्हीटलीने तिला पुन्हा बोलावलं नाही. त्याने काय कुजबुज केली देव जाणे, बाकीच्या वकिलांचे फोनही बंद झाले. बर्ल म्हणाला, चला, आता मासे धरायला जाऊ. ती गेली नाही.

ती आता मंगळवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसते. ज्याच्या हातात जबानीची नोटीस पडली आहे त्याने यावं, कुठल्याही बाजूचा असो. एकच अट, खोटं शिकवणार नाही. गेल्या आठवड्यात एक नळ दुरुस्त करणारा आला होता, दांडगा गडी, हातातली टोपी कुस्करत. लोरीनने विचारलं, "सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची, खरं ना?"

"हो, पण..."

तिने टेबलावर हात आपटला. "मग 'पण' आधी सांग ना रे बाबा! पुन्हा. पहिल्यापासून."