भरीतवाल्या नानांची जीभ

आमचे नाना लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेऊन डोळे मिटायचे, तेव्हा आचाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. मग अहिराणीत निकाल यायचा, "मीठ शे, मिरची शे, अक्कल नही." आचारी मुकाट्यानं हसायचा. धुळ्याच्या आसपास कुणाच्या शेतात भरीत पार्टी ठरली, की वांगी बघण्याआधी लोक नानांना विचारून दिवस धरायचे, कारण भरीत त्यांच्याच हातचं लागायचं.

नाना माझे सख्खे काका. एवढी तिखट जीभ असलेला माणूस चोवीस तास दाढेखाली तंबाखू ठेवायचा. काकू बोलून थकल्या होत्या. मी तेव्हा सुरतेला नोकरीला होतो आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. तिथून मी त्यांना ई-सिगारेटची नळी आणून दिली, आंब्याच्या वासाची. म्हटलं, "नाना, यात धूर नाही, नुसती वाफ आहे."

सर्दी झाली की वाफारा घेणारा माणूस तो. त्याला वाफ म्हणजे औषधच वाटलं. तंबाखूची डबी उकिरड्यावर गेली आणि नळी तोंडात आली. आल्यागेल्याला सांगायचे, "पुतण्यानी आणेल शे. दातले काहीच होत नही." काकू म्हणायच्या, "घरभर आमरसाचा वास, आणि ताटात पिठलं."

वर्षभरात तोंडाला कोरड पडू लागली. दात घासताना रक्त यायचं. नानांनी आधी पेस्टला दोष दिला, मग ब्रशला, मग काकूंना. पण एका पार्टीत त्यांनी भरितात दोनदा मीठ टाकलं. लोकांनी ताकाचे पेले रिचवत कसंबसं निभावलं. नानांना कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच त्यांना लागलं.

मी सुट्टीवर आलो तेव्हा त्यांना धुळ्यातच देवपूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "हिरड्या सुजल्यात, दोन दाढा हलताहेत. तंबाखूनं आधीच वाट लावली होती. आता या वाफेतही निकोटीन आहेच. तोंड कोरडं पडलं की दात किडतात, चवही मंदावते." नानांनी दाढांचं काही विचारलं नाही. "चव परत येईन का?" एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, "नळी सोडा, मग बघू. खात्री देत नाही." माझ्याकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

नानांनी नळी त्याच दिवशी सोडली. दाढा गेल्या. चव काही पूर्वीसारखी आली नाही.

त्यांनी शेवटचं भरीत केलं ते माझ्या बहिणीच्या हळदीला. वांगी भाजून, ठेचून झाली. नानांनी बोटभर भरीत जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि मला हाक मारली. "चाखीसन सांग. माले समजत नही."

मी चाखलं. मीठ कमी होतं, तसं सांगितलं. त्यांनी मिठाचा डबा माझ्या हातात दिला.

पंगतीत लोकांनी बोटं चाटली. नाना एकेकाला अभिमानानं सांगत होते, "मीठ यानी टाकेल शे." मला मान वर करता आली नाही.