आमच्या भाताची वाफ

पापाकुरातल्या आमच्या भाड्याच्या लाकडी घराच्या फाइलमध्ये एक वाक्य होतं आणि त्याखाली माझी सही हवी होती. ‘घरातली ओल भाडेकरूंच्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे आहे.’ सही केली तर करार वर्षभर वाढणार, नाही तर घर सोडायचं. मुदत दोन आठवडे. मुलीची शाळा घरापासून चालत चार मिनिटांवर होती. साल २०१४, महिना जुलै, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या या देशात ऐन हिवाळा.

वाक्य लिहिणारी घरमालकाची एजंट बाई दर तीन महिन्यांनी घर तपासायला यायची. त्या दिवशी तिने मुलीच्या खोलीतली काळी बुरशी पाहिली, खिडकीच्या ओल्या काचेवरून बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात येऊन नाक वर केलं. शेगडीवर कुकर होता.

“तुम्ही लोक फार उकळता, नाही का?”

“आणि तुमच्याकडे बटाटे काय उन्हात वाळवून खातात?” मी म्हणालो.

बायकोने मागून माझा शर्ट ओढला. “अहो, करार व्हायचाय अजून.”

या देशात मी आलो तो एका वर्षाच्या डिप्लोम्यावर. वर्कशॉप झाडली, तिथल्याच लोकांचं बघून काम शिकलो आणि आता स्वतःच्या व्हॅनमधून एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करत फिरत होतो. कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी एक तोटी असते. रोज सकाळी ती उघडली की पाणी येतं. नवा माणूस विचारतो, हे आत कुणी ओतलं? कुणी नाही. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजनबरोबर पाण्याची वाफ असतेच, फक्त दिसत नाही. हवा दाबून थंड होऊ दिली की वाफेचं पाणी होतं. गाड्या रंगवणारे माझ्याकडे ओरडत येतात की रंगाला फोड आले. मी सांगतो, रंगाला शिव्या देऊ नका, तुमच्या नळीतून हवेबरोबर पाणी आलंय. आणि ही बाई मला वाफ शिकवणार?

मी जाहीर केलं, तीन दिवस शेगडी बंद.

“तुमच्या भांडणापायी पोरीनं काय खायचं?” बायको म्हणाली.

पोरीने ब्रेड, काकडी, दही आणि दडपे पोहे खाल्ले. पोह्यांना फोडणीसुद्धा दिली नाही. तिसऱ्या सकाळी खिडकीशी जाऊन ती म्हणाली, “बाबा, इट्स स्टिल रेनिंग इनसाइड.” काचेवरून पहिल्यासारखेच ओघळ येत होते. मी इतका खूश झालो की त्याच क्षणी एजंट बाईला फोन लावणार होतो.

बायको मात्र कोपऱ्यातल्या गॅस हीटरकडे बघत होती. “शेगडी बंद ठेवलीत. पण हा तर पेटलेलाच आहे की. गॅस जळला की काय होतं, हो? आम्हाला शाळेत शिकवलं होतं.”

शिकवलं मलाही होतं. गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो आणि पाणी होतं. आमच्या हीटरला धुराडं नव्हतं, म्हणजे ते सगळं पाणी वाफ होऊन खोलीतच राहायचं. गॅसची नऊ किलोची एक बाटली संपली की चौदा-पंधरा लिटर. वर ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून ठेवल्या होत्या. हा हीटर मी एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, तासभर घासाघीस करून मिळवला होता, वर भरलेली बाटली फुकट. ती गोष्ट ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात मी दोनदा तरी सांगितली होती.

“एवढी घासाघीस करून बादलीभर पाणी घेऊन आलात,” बायको म्हणाली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

हीटर बंद केला, मित्राकडून विजेचा आणला, फटी मोकळ्या केल्या. काचेवरचं पाणी निम्म्यावर आलं. मग उरलेलं निम्मं कुणाचं?

घर खांबांवर उभं होतं. बाजूची फळी काढून मी घराखालच्या पोकळीत सरपटत गेलो. खाली उघडी माती, वर थेट आमच्या खोलीच्या फळ्या. मातीवर प्लास्टिकचा तुकडा अंथरून कडांना विटा ठेवल्या. सकाळी बघतो तर प्लास्टिकच्या खालच्या अंगाला टपोरे थेंब. ओली हवा जड असते असं आपल्याला वाटतं, पण पाण्याची वाफ बाकीच्या हवेपेक्षा हलकी. जिथे जास्त आहे तिथून कमी असेल तिकडे ती निघते, वारा नसला तरी. दिवसरात्र ती फळ्यांच्या फटींतून माझ्या मुलीच्या पलंगाखाली येत होती.

एजंट बाई मुदतीच्या दिवशी येणार होती.

“हीटर व्हॅनमध्ये टाका,” बायको म्हणाली. “तिला कशाला आयतं कोलीत द्यायचं?”

टाकलाही होता. पण मी आयुष्यभर सौदे केले आहेत. आपला निम्मा दोष आपणच आधी टेबलावर ठेवला की उरलेला निम्मा समोरच्याला नाकारता येत नाही. मी हीटर परत आणून दारातच ठेवला.

“हा माझा. याने ओल वाढली. लिहून घ्या,” मी बाईला म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. “म्हणजे चूक तुमचीच होती.”

“हीटरची माझी. आता इकडे या.”

मी तिला घराच्या बाजूला नेलं, फळी काढली आणि हात घालून प्लास्टिक बाहेर ओढलं. पाणी तिच्या बुटांवर सांडलं.

“इथे कोण भात शिजवतं?” मी विचारलं.

ती बूट झटकत म्हणाली, “मालकाला विचारते.”

“विचारा. पण आधी ते वाक्य खोडा, नाहीतर सही नाही. घर सोडायला लागलं तर सोडीन. खोटं लिहून राहणार नाही.” आवाज चढला होता. शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला, तरी मी आवाज खाली आणला नाही.

बायको दारात उभी होती. या वेळी तिने शर्ट ओढला नाही.

बाईने फाइल गाडीच्या बॉनेटवर ठेवली, वाक्यावर रेघ मारली, शेजारी स्वतःची आद्याक्षरं लिहिली. खाली लिहिलं, भाडेकरूने हीटर काढला. मालकाने जमीन झाकायची. मी दोनदा वाचलं आणि सही केली. पुढच्या पंधरवड्यात माणूस आला आणि मातीवर काळं प्लास्टिक पसरून गेला.

‘तुम्ही लोक’ याबद्दल मात्र ती कधी एक शब्द बोलली नाही. पुढच्या तपासणीला, ती यायच्या वेळी, मी मुद्दाम भात लावायला सांगितला. खिडकी थोडी उघडी होती, कुकरची शिट्टी झाली. तिने मुलीच्या खोलीतल्या काचेवरून बोट फिरवलं. कोरडं निघालं. ती बोटाकडे बघत राहिली, मग फाइल मिटून निघाली. मी दारात उभा होतो. बाजूला झालो नाही, तिने काहीतरी म्हणावं म्हणून. ती “एक्स्क्यूज मी” म्हणाली आणि अंग चोरून बाहेर गेली.