साखऱ्याची मोसंबी आणि माझा फोनवरचा सल्ला

या वेळी पिशवीत खुरपं आणि चार प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन मी नांदेडहून निघाले. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला माझी थोरली बहीण राहते. तिच्या अडीचशे मोसंबीखाली यंदा ताग आणि चवळी पेरली ती माझ्या सांगण्यावरून. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणजे मला शेतीतलं कळतं, असा दाजींचा भाबडा समज. आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. फळं गळताहेत, काही झाडं पिवळी पडलीत, आणि उद्या दुपारी दाजी सगळ्या बागेत ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर घालून ताग-चवळी मुळासकट उखडणार आहेत.

सकाळची हिंगोली एस.टी. पकडा, जागा मिळते. बायकांना तिकीट अर्धं. वारंगा फाट्यावर गाडी थांबली, सगळे चहा-भज्यांवर तुटून पडले, मी मनात हिशेब मांडत बसले. माझं गणित तसं सरळ होतं. मोसंबीच्या मुळांत एक मित्रबुरशी राहते. तिचे धागे केसाहूनही बारीक, ते लांबवरून झाडाला स्फुरद आणि पाणी आणून देतात. तिला जगायला जिवंत मुळं लागतात. बाग उघडी, नांगरलेली ठेवली की ती उपाशी राहते, शिवाय जाळं तुटतं ते वेगळंच. ताग-चवळीच्या मुळांवर ती वाढते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी मी दाजींचं वर्षाचं पीक पणाला लावलं होतं, हे कळमनुरी येईपर्यंत मला नीटच कळून चुकलं.

हिंगोलीहून सेनगावची गाडी घेतली. नरसीला उतरून देवळात हात जोडावेत असं फार वाटलं, पण दुपार चुकली असती, म्हणून खिडकीतूनच जोडले. पुढे काळीपिवळी जीप. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, कंबरदुखी असलेल्यांनी पुढची सीट मागून घ्यावी.

बागेत पोचले तर ट्रॅक्टर बांधावर उभा. तो चालवणारा सुभाष शेजारच्या तांड्यावरचा, त्याचीही थोडी संत्री आहेत. दाजी माझ्याशी नीट बोलेनात. अक्कानं हळूच सांगितलं, गावात बाग म्हणजे अंगणासारखी झाडलेली पाहिजे. गवत दिसलं की माणूस आळशी ठरतो. येणारेजाणारे सारखं विचारायचे, बाग पडीक टाकली का म्हणून. त्या लाजेनं दाजींनी ताग कापला आणि मधल्या ओळी स्वच्छ दिसाव्यात म्हणून सगळा ओढून झाडांच्या बुडाशी रचला. गुडघाभर ढीग, पावसानं भिजून कुजलेले.

मी मधल्या ओळीत खुरप्यानं माती उकरत बसले होते, बुरशी तपासायला बारीक मुळं पिशवीत भरत. सुभाषनं मात्र एक ढीग पायानं सारला, खोडाला हात लावला आणि मला बोलावलं.

"बाई, इकडं बघा. डिंक येऊन राहिलाय. सालटं सडलं बुडाचं. मधल्या तागाचा काय गुन्हा हाय?"

माझे कान तापले. 'कापून झाडाला घाला' असं मीच फोनवर म्हटलं होतं. खोडापासून हातभर लांब, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं. दाजींना तसं सांगितलं, चूक माझी आहे म्हटलं, आणि रोटाव्हेटर नको म्हणून हात जोडले. ते वाकून खोडाचा डिंक बघत राहिले. सुभाषनं न विचारताच ट्रॅक्टर वळवून घराकडे नेला.

संध्याकाळपर्यंत अक्का, दाजी आणि मी, आम्ही तिघांनी ढीग खोडांपासून लांब ओढले. सडकी साल खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावला. डिंक आलेली अकरा झाडं निघाली. जेवणात ज्वारीची भाकरी आणि त्याच चवळीच्या शेंगांची भाजी होती, अक्कानं आग्रह केला, पण माझं लक्ष त्या अकरांवर.

नांदेडला परतल्यावर मुळं स्पिरिटमध्ये टाकून ठेवली, महिनाभरानं सवड मिळाली तेव्हा प्रयोगशाळेत उकळून निळी शाई आणि व्हिनेगरमध्ये रंगवली. दाजींनी धुऱ्याकडची, बांधालगतची एक ओळ नेहमीसारखी वखरून उघडी ठेवली होती, तिथून आणलेली मुळं जवळजवळ कोरी. ताग-चवळीच्या ओळींतल्या मुळांत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली निळी बुरशी, पेशीपेशीत झुडपांसारखी फांदलेली. एका बागेच्या चार पिशव्यांवरून छाती ठोकून बोलू नये, हे मी मुलांना शिकवते. तरी डोळे भरून आले.

लगेच फोन लावला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की गळ कमी झाली, पण अकरातली तीन झाडं वाळली, कालच तोडली.

"तुझी बुरशी चांगली हाय, ताग पुढल्या साली बी पेरतो," ते म्हणाले. "फक्त तवा फोनवर सांगू नको. ये, अन् झाडापाशी उभी राहून सांग."